दोन नंबरचा डावा सिग्नल

१

एक नंबरचा डावा सिग्नल नीट लागला. तीन नंबरचाही लागला. मग दोन नंबरचा लागला, आणि अंगणात उभे असलेले सगळे गप्प झाले.

तो इतर दोघांसारखा सावकाश उघडझाप करत नव्हता. घाईघाईने, धाप लागल्यासारखा फडफडत होता. गाडीच्या आतली टिकटिकही तशीच, आम्हाला दारात ऐकू येईल इतकी.

"बंद करा," मालक म्हणाले. "दिसलं सगळ्यांना."

ड्रायव्हिंग स्कूलच्या तिन्ही गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या, टपावर सारखीच 'शिकाऊ' पाटी. बंपरचे कोपरेही तिन्हींचे सारखेच खरचटलेले, कारण शिकणारे सगळीकडे सारखेच आपटतात. त्यातल्या एका गाडीने त्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, पोस्टमन काकांच्या सायकलला मागून उडवलं होतं. काकांचा पाय मांडीत मोडला. गाडी थांबली, मागे आली आणि बोळात शिरून पसार झाली. काकांना काही दिसलं नव्हतं. चौकातल्या चष्मेवाल्यांना मात्र एक गोष्ट दिसली होती, आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या बाजाराला माहीत झाली होती: पळणाऱ्या गाडीचा डावा सिग्नल वेड लागल्यासारखा भराभर लुकलुकत होता.

म्हणून मालकांनी तिन्ही गाड्या ओळीने उभ्या करून सिग्नल लावायला सांगितले होते. आणि दोन नंबर ही माझ्या मावशीची गाडी.

"सकाळी ठीक होता," मावशी म्हणाली. "सकाळी चार जणांना शिकवलं मी."

"आणि दुपारनंतर?"

"बँकेतल्या बाई आल्या होत्या. त्यांना फाटकासमोरच्याच मैदानात रिव्हर्स शिकवला. सरळ जायचं, सरळ यायचं, सिग्नल लावायचा प्रश्नच आला नाही."

"दिव्याला कुणाशी वैर नसतं, मावशी," तीन नंबरवरचा मास्तर हळूच म्हणाला. त्याला सगळे 'शिस्त' म्हणतात. तोही तिला मावशीच म्हणतो, ती त्याच्याहून वयाने मोठी. "जो लागला तो लागला."

एक नंबरवरचे उस्ताद भिंतीला टेकून दात कोरत होते. "बाईमाणसाला दुपारी डुलकी लागते. लागली असेल गाडीतच."

"तुमची डुलकी गाडी चालवताना लागते उस्ताद, म्हणून तुमची पोरं नापास होतात," मावशी म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

मालकांनी हात वर केला. "उद्या सकाळी दहाला मी दोन नंबर घेऊन चौकीत जाणार. तुम्ही सोबत यायचं. मी लपवलं तर माझं स्कूल बंद होईल." मग जरा थांबून, "जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे होता?"

"घरी. जेवायला."

विज्ञानाच्या पदवीची परीक्षा संपवून महिनाभर मी मावशीकडेच राहत होते. त्या दुपारी मी घरातच होते, आणि मावशी जेवायला आली नव्हती.

२

चौकीत नाव गेलं की मावशीचा शिकवण्याचा परवाना जाणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. दुसरं काही तिला येतही नाही आणि आवडतही नाही. वीस वर्षं ती डावीकडच्या सीटवर बसून लोकांची भीती घालवते आहे.

घरी आल्यावर मी तिला एकदाच विचारलं. "दुपारी कुठे गेली होतीस?"

"तूही चौकशीला बसलीस का?"

"खोटं का सांगितलंस?"

"तुझ्या पदवीत हेही शिकवतात वाटतं," ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

सकाळी चष्मेवाल्यांनी दुकान उघडलं तेव्हा मी दारात उभी होते.

"नंबर दिसला नाही हो," ते न विचारताच म्हणाले. "सगळे हसतात मला. चष्म्याचं दुकान, आणि ऐन वेळी चष्मा हातात. पुसत होतो. चष्म्याशिवाय मला समोरचा माणूस आहे की खांब, तेसुद्धा कळत नाही."

"पण दिवा दिसला."

"दिवा दिसणारच. केशरी ठिपका, असा," त्यांनी बोटं भराभर उघडमीट केली.

"गाडी तुमच्याकडे तोंड करून होती की पाठ?"

"पाठ. धडाम आवाज झाला म्हणून मी मान वर केली. गाडी म्हणजे नुसता पांढरा ठोकळा, बोळाच्या तोंडाशी त्या दगडी खांबाला टेकलेला. जरा मागे आली, मग बोळात शिरली."

"म्हणजे तुम्ही पाहिला तो मागचा दिवा."

"मागचाच."

मी तेवढं लक्षात ठेवलं. सिग्नलचे दिवे दोन, एक पुढे आणि एक मागे, आणि दोन्हींना लुकलुकवणारी एकच रिले. ती दोन दिव्यांच्या भाराला बसवलेली असते. त्यातला एक गेला की भार कमी पडतो आणि ती घाई करायला लागते, म्हणजे बसल्या जागी टिकटिक ऐकून चालकाला कळावं की एक दिवा गेला आहे. मागचा भराभर लुकलुकत होता, याचा अर्थ मागचा जिवंत होता. गेलेला दिवा पुढचा.

"आणखी एक," चष्मेवाले म्हणाले. "तोपर्यंत चष्मा चढवला होता मी. टपावरची पाटी दिसली, पण नंबर वाचायला गाडी पार लांब गेलेली. बोळाच्या टोकाला पुन्हा डावीकडे वळावं लागतं. मधे सिग्नल बंद झाला होता. वळायच्या आधी त्याने परत लावला."

"रिकाम्या बोळात?"

"चिटपाखरू नव्हतं. माणूस उडवून पळतो आहे, आणि वळताना सिग्नल देतो आहे. मी तर चक्रावूनच गेलो."

मीही चक्रावले. बाजारातल्या कुणाच्याही हातून असं झालं असतं तर त्याने सिग्नलच्या दांडीला हात लावला नसता. हे फक्त आमच्या अंगणातला माणूस करणार होता. मावशी तर फाटकातून रस्त्याला वळतानाही सिग्नल देते.

३

मालक नाखुशीनेच किल्ली घेऊन आले. "शास्त्रज्ञबाई, दहा वाजेपर्यंतच हं," ते म्हणाले. हे नाव मला उस्तादांनी दिलं होतं, आता सगळ्यांच्या तोंडी होतं.

मी दोन नंबरचं बॉनेट उघडलं. डाव्या दिव्याच्या मागचा होल्डर पाव फेरा फिरवला की बल्ब हातात येतो. तो बाजूला ठेवला आणि उजवीकडचा बल्ब काढून त्याच्या जागी बसवला. डावा सिग्नल लावला. टिकटिक शांत झाली. उजवा लावला, आता तो फडफडायला लागला.

"म्हणजे काय?" मालक वाकून पाहत होते.

"वायर ठीक, होल्डर ठीक, रिले ठीक. दोष फक्त या बल्बात."

"ते मी कालच सांगितलं असतं."

मी बल्ब उन्हात धरला. बल्बची तार दमून तुटते तेव्हा मधेच कुठेतरी तुटते आणि तुटलेल्या टोकांना वितळून बारीक मणी धरतात. बाकीची गुंडाळी जागच्या जागी असते. या बल्बात गुंडाळी उलगडली होती. तार ओढल्यासारखी लांब झाली होती, एका बाजूला झोळ पडला होता, आणि मग कुठेतरी तुटली होती.

"ही तार म्हातारपणाने गेलेली नाही," मी म्हणाले. "पेटलेली असताना तार मऊ असते. त्याच वेळी जोराचा धक्का बसला की ती अशी ताणली जाते. थंड असती तर नुसती तुटली असती."

"पेटलेली असताना धक्का. म्हणजे सिग्नल देऊन वळत असताना गाडी खांबाला धडकली."

"हो."

मालक सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यांना वाईट वाटत होतं. "मग तूच सिद्ध केलंस की."

ते खरं होतं. पोस्टमन काकांना उडवणाऱ्या गाडीतला बल्ब माझ्या हातात होता, आणि तो मी माझ्या मावशीच्या गाडीतून काढला होता.

४

फाटकातून मावशी येताना दिसली. तिने माझ्या हातातला बल्ब पाहिला, मग माझा चेहरा पाहिला, आणि तिथेच थांबली.

मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही, म्हणून खाली पाहिलं. खाली बंपरवर मी उजवीकडचा बल्ब परत काढून ठेवला होता, त्याच्या शेजारी हा मेलेला ठेवला. दोन्ही एकाच कंपनीचे. पण उजव्याची काच आतून काजळल्यासारखी करडी झाली होती. मेलेल्याची स्वच्छ होती.

मी मागचे दोन्ही बल्ब काढले. दोन्ही करडे.

"मालक, दोन नंबरला नवा बल्ब शेवटचा कधी दिलात?"

"दोन नंबरला? मावशी कधी मागतच नाहीत. ही गाडी आली तेव्हाचेच असतील."

"नक्की?"

"अहो, बल्ब माझ्या टेबलाच्या खणात कुलपात असतात. जुना आणून दाखवल्याशिवाय मी नवा देत नाही. माझ्या पोरांचे वाढदिवस विसरेन, बल्ब विसरणार नाही."

"ते खरं आहे," उस्ताद मागून म्हणाले. ते आणि शिस्त आताच येऊन उभे राहिले होते. "मला दोन बल्ब देताना किडनी मागितली यांनी."

मी वळले. "तुम्हाला कधी दिले?"

"मागच्या आठवड्यात," उत्तर मालकांनीच दिलं. "परीक्षेचे साहेब म्हणाले, एक नंबरचे पुढचे सिग्नल मंद दिसतात. परीक्षेला नेहमी तीच गाडी जाते. म्हणून पुढचे दोन्ही नवे घातले."

"काल दुपारी परीक्षा होती?"

"होती. उस्तादांचा एक आणि शिस्तचा एक, दोघे उमेदवार एक नंबरमधूनच गेले. साहेबांनी दिवे तपासले, नाव ठेवायला जागा नव्हती."

"एक नंबरचं बॉनेट उघडू का?"

उस्तादांनी दात कोरायची काडी खिशात टाकली. "उघडा की. माझ्या गाडीला काय झालंय?"

उजवीकडचा बल्ब काढला. काच स्वच्छ, नवी. मग डावीकडचा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

तो करडा होता.

५

"बल्ब जळत राहिला की तारेतला धातू झिजून काचेवर बसतो," मी म्हणाले. "वर्षानुवर्षं जळला तर काच अशी करडी होते. एका आठवड्यात होत नाही. मालकांनी एक नंबरमध्ये दोन नवे घातले. आता तिथे एक नवा आहे आणि एक जुनाट. दोन नंबरमध्ये सगळे जुनाट, आणि एकच नवा, तोही धक्क्याने मेलेला. म्हणजे कुणीतरी हे दोन्ही एकमेकांच्या जागी घातलेत. पोस्टमन काकांना एक नंबरने उडवलं. लगेच दुपारी परीक्षा होती, साहेब दिवे बघणार, आणि नवा बल्ब मागायचा तर मालकांना मेलेला दाखवावा लागणार. शेजारी दोन नंबर उभी होती."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू उस्तादांकडे वळल्या. गाडी त्यांची होती. मावशीशी त्यांचं पटत नव्हतं.

"माझ्याकडे काय बघताय?" उस्ताद म्हणाले. "मी टायरवाल्याकडे बसलो होतो. विचारा त्याला."

"टायरवाला म्हणतो, तुम्ही अधूनमधून उठून जात होता," मालक म्हणाले. त्यांनीही चौकशी केली होती तर.

"लघवीला जायचं नाही का माणसाने?"

"उस्ताद," मी म्हणाले, "एक नंबर फाटकाबाहेर काढून डावीकडे वळवून दाखवाल? नेहमीसारखी."

ते पुटपुटत गाडीत बसले. गाडी सुरू केली, खिडकीची काच खाली केली, उजवा हात बाहेर काढून मोठा गोल फिरवला आणि डावीकडे वळले. सिग्नलच्या दांडीला त्यांचं बोटही लागलं नाही.

एवढ्या ताणातही मावशीला हसू आलं. "म्हणूनच नापास होतात हो तुमची पोरं."

"हात दिसतो, दिवा बंद पडतो," उस्ताद परत येता येता म्हणाले. "तीस वर्षं हातच दाखवतोय."

"काल ज्याने गाडी पळवली," मी म्हणाले, "त्याने वळताना सिग्नल दिला होता. तार पेटलेली होती म्हणूनच ताणली गेली. आणि पळताना रिकाम्या बोळाच्या टोकाला त्याने तो परत दिला. चष्मेवाल्यांनी पाहिलंय. ते उस्ताद नव्हेत."

"आमच्या इथे सिग्नल मीही देतो," मालक म्हणाले. "मावशीही देतात."

"तुम्ही असता तर खणातून नवा बल्ब काढला असता. दुसऱ्या गाडीचा चोरायची तुम्हाला गरजच नव्हती. आणि मावशी असती, तर तिने मेलेला बल्ब स्वतःच्याच गाडीत कशाला घातला असता? तीन नंबर तिथेच उभी होती."

मग उरला एकच माणूस. त्याच्याकडे मी पाहिलं नाही. मावशीने पाहिलं.

शिस्त मान ताठ ठेवून उभा होता. "सवयीवरून गुन्हेगार ठरवणार का आता?" तो म्हणाला. "हा पुरावा नाही."

"नाही," मी म्हणाले. "पूर्ण नाही."

"मग?"

"मग काही नाही," मावशी म्हणाली. ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "दहा वाजतील. मी मालकांबरोबर जाईन, तूही चल. पोस्टमन शुद्धीवर आहेत. लोक त्यांना एवढंच विचारतात, थांबली होती का गाडी? ते म्हणतात, थांबली होती. 'मला वाटलं, आता उतरेल कुणीतरी,' असं म्हणतात."

शिस्तचा हात आपोआप शर्टाच्या कॉलरकडे गेला, परीक्षेला जाताना तो नीट करतो तसा.

"एक नंबर पंपावर हवा तपासायला घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "परीक्षेआधी मी नेहमी तपासतो. आरशात पाहिलं. ते हलत होते. जिवंत आहेत असं वाटलं, आणि पायाने आपोआप क्लच दाबला. वळलो तेव्हा कानात ती टिकटिक. इतकी भराभर. सिग्नल दिलाय, हे तेव्हा कळलं मला."

"माझीच गाडी का?" मावशीने विचारलं.

"तुमची म्हणून नाही. जवळ होती म्हणून. तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. चष्मेवाल्यांनी काही पाहिलंय हे संध्याकाळी कळलं."

"मान्य. आणि संध्याकाळी? इथे, याच अंगणात, मला बोलताना?"

त्याने कॉलरवरचा हात खाली घेतला. मालकांनी त्याच्या हातातून तीन नंबरची किल्ली घेतली आणि दोघे चालतच चौकीकडे निघाले. मालकांना बहुधा त्याला कुठल्याच गाडीत बसवायचं नव्हतं.

६

जाताजाता मालक फाटकातून परत आले. "मावशी, काल बोललो ते विसरा. उद्यापासून नेहमीसारखं."

"उद्यापासून आहे, पण नेहमीसारखं नाही," मावशी म्हणाली. "काल दुपारी मी घरी नव्हते, मालक. खोटं बोलले. मैदानापलीकडे एक गाळा पाहायला गेले होते. माझं स्वतःचं स्कूल काढायचं आहे. तुम्हाला पुढच्या महिन्यात सांगणार होते."

मालक फाटकाच्या आत आले. "चौकीत नाव गेलं असतं तर परवानगी मिळाली नसती."

"आयुष्यभर नाही."

"एवढ्यासाठी खोटं बोललात, आणि त्यानेच तुम्ही अडकत होता." ते मान हलवत निघून गेले.

आम्ही घरी चालत आलो. गल्लीच्या तोंडाशी मावशी म्हणाली, "सकाळी बल्ब हातात घेतलास तेव्हा तुला वाटलं ना, मीच आहे म्हणून?"

"तू घरी आली नव्हतीस. मला कारण माहीत नव्हतं."

"ते विचारलं नाही मी."

"वाटलं," मी म्हणाले.

"आणि मीच निघाले असते तर?"

खोटं उत्तर द्यायची इच्छा होती. "तर तेच सांगितलं असतं."

तिने मान हलवली. "बरोबर आहे. भाची म्हणून माझी बाजू घेत बसली असतीस तर तुझं एक अक्षर ऐकलं नसतं कुणी. मीही ऐकलं नसतं." तिच्या आवाजात राग नव्हता. गाडी शिकवताना चूक समजावते तसा आवाज होता.

घरी आल्यावर तिने स्वयंपाक केला, माझं ताट वाढलं, नेहमीपेक्षा थोडं जास्तच. मग स्वतःचं ताट घेऊन ती गॅलरीत गेली आणि माझ्याकडे पाठ करून जेवायला बसली.